ए-लेव्हलला केमिस्ट्री: दहावीनंतर इंग्लंडला येणाऱ्या मुलीसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने यंदा महाराष्ट्र बोर्डाची दहावी दिली, जुलैत तुम्ही सगळे स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडला येताय, तिला डॉक्टर व्हायचंय, पण केमिस्ट्रीची धास्ती वाटते. तर ए-लेव्हलला (म्हणजे इंग्लंडमधली अकरावी-बारावी) केमिस्ट्री सोडून बायोलॉजी, सायकॉलॉजी आणि मॅथ्स घेतलं तर चालेल का?

मेडिसिनसाठी चालणार नाही असंच धरून चला. काही मोजक्या मेडिकल स्कूल्समध्ये बायोलॉजी आणि जोडीला दुसरं एखादं सायन्स चालतं, पण बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतेच. केंब्रिजला तर ती सक्तीची आहे. यूकॅसच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या सामाईक) अर्जात मेडिसिनसाठी फक्त ४ मेडिकल स्कूल्स निवडता येतात, आणि केमिस्ट्री नसेल तर त्या ४ निवडायलाच फारसा वाव उरत नाही. डेंटिस्ट्री, फार्मसी आणि व्हेटर्नरीचंही जवळपास असंच. उलट फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा रेडिओग्राफीचं केमिस्ट्रीवाचून अडत नाही. म्हणून आधी मुलीशी निवांत बोला. तिला डॉक्टरच व्हायचंय, की दवाखान्यात पेशंटबरोबर काम करायचंय? दुसरं असेल तर २ वर्षं या विषयाशी झगडण्याची गरजच नाही.

आणखी एक गोष्ट, जी विमानात बसायच्या आधीच कळलेली बरी. १८ वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या व्हिसावर सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये (ए-लेव्हल शिकवणाऱ्या शाळा-कॉलेजात) फी पडत नाही, पण युनिव्हर्सिटीचं गणित वेगळं आहे. ‘होम’ फी (इथल्या विद्यार्थ्यांसाठीची कमी फी) मिळायला साधारणपणे कोर्सच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा हक्क आणि त्याआधीची ३ वर्षं इथलं वास्तव्य, अशा दोन्ही गोष्टी लागतात. तुमची मुलगी २ वर्षांनी कोर्स सुरू करेल तेव्हा ती बहुधा आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी ठरेल. मेडिसिनमध्ये अशा जागा मोजक्या असतात आणि फी कित्येक पटींनी जास्त. हा हिशोब घरात बसून आत्ताच करा.

आता विषयाकडे वळू. दहावीचे मार्क बघून केमिस्ट्री जमेल की नाही हे ठरवू नका. ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’, ‘धातुविज्ञान’, ‘कार्बनी संयुगे’ हे धडे पाठ करून चांगले मार्क पडतात. इथली मुलं मात्र जीसीएसईमध्ये (इथल्या दहावीसारख्या परीक्षेत) मोलची (कणांची संख्या मोजायच्या एककाची) आकडेमोड, द्रावणाची संहती (कॉन्सन्ट्रेशन), बंध-ऊर्जेवरून उष्णतेचा बदल आणि समतोल कुठल्या बाजूला सरकेल ही उदाहरणं सोडवून आलेली असतात. सप्टेंबरमध्ये शिक्षक हे सगळं येतंच असं धरून शिकवायला लागतात. मुली मागे पडतात त्या या दरीमुळे. बुद्धी कमी पडते असं नाही.

तिला हे एक उदाहरण द्या. १.३२५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून २५० घनसेंटिमीटर द्रावण केलं. त्यातलं २५.० घनसेंटिमीटर पिपेटने काढलं, त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल २४.६० घनसेंटिमीटर लागलं. आम्लाची संहती किती? रेणुवस्तुमान १०६.०, म्हणजे सगळ्या द्रावणात ०.०१२५ मोल. पिपेटमध्ये त्याचा दहावा भाग, ०.००१२५. एका कार्बोनेटला २ आम्ल लागतात, म्हणून ०.००२५०. त्याला ०.०२४६० लिटरने भागलं की ०.१०२ मोल प्रति लिटर. चुका ठरलेल्या असतात: दहाने भागायचं राहतं, दुप्पट करायचं राहतं, घनसेंटिमीटरचे लिटर होत नाहीत, किंवा मधल्या पायरीवरच आकडे गोल केले जातात. जूनपासून रोज ४-५ उदाहरणं, अशी ६ आठवडे सोडवू द्या. नंतर आकडे बदलून दिले तरी ती स्वतःच्या पायऱ्या मांडत असेल तर केमिस्ट्री घ्यायला हरकत नाही. दर वेळी ‘सूत्र कुठलं?’ असंच विचारत असेल, तर माझं मत सावध राहा असं आहे.

परीक्षा २ वर्षांच्या शेवटी एकदाच होते. एक्यूए बोर्डाचे ३ पेपर असतात, प्रत्येकी २ तासांचे, १०५, १०५ आणि ९० मार्कांचे. किमान २० टक्के मार्क गणिती कौशल्यांना असतात. प्रॅक्टिकलचा शेरा वेगळा मिळतो, पास किंवा नाही. तो ग्रेडमध्ये धरत नाहीत, पण प्रॅक्टिकलवरचे प्रश्न लेखी पेपरात येतातच. ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची नळी) तिच्यात जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने विसळायची, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने, कारण फ्लास्कमध्ये द्रावणाचे थेंब राहिले तर पिपेटने मोजून घातलेले मोल वाढतात. ब्युरेटच्या टोकात बुडबुडा अडकला आणि मध्येच निघाला तर रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. रीडिंग ०.०५ घनसेंटिमीटरपर्यंत लिहायचं, आणि ०.१० च्या आत जुळणाऱ्या रीडिंग्जचीच सरासरी काढायची. यातलं ‘का’ लिहिता आलं तरच मार्क मिळतात.

ऑरगॅनिकमध्ये बहुतेकांचे हाल होतात ते वाकड्या बाणांपायी. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास. ब्रोमोइथेनवर हायड्रॉक्साइड येतं तेव्हा पहिला बाण ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीपासून कार्बनपर्यंत जातो आणि दुसरा कार्बन-ब्रोमिन बंधापासून ब्रोमिनकडे. हायड्रोजनपासून बाण काढला की मार्क गेला. जोडी कुठून निघाली हे तोंडाने बोलत काढायची सवय लावली तर पुढच्या सगळ्या अभिक्रियांच्या यंत्रणा (मेकॅनिझम) हाताला बसतात.

बरोबर कोणते विषय? बायोलॉजी आणि मॅथ्स. सायकॉलॉजीपेक्षा मॅथ्स मला बरं वाटतं, कारण बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) आणि पीएचच्या गणितांत लॉगॅरिदम लागतो आणि तो मॅथ्समध्ये पक्का होतो. पुढे मेडिसिन जमलं नाही तरी केमिस्ट्री-मॅथ्सवर केमिकल इंजिनीअरिंगसारखी दारं उघडी राहतात. शाळा परवानगी देत असेल तर ४ विषयांनी सुरुवात करून ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत एक सोडायचा.

प्रवेशासाठी मार्कशीट आणि विज्ञान भाग १ व २ चा अभ्यासक्रम इंग्रजीत काढून ठेवा. आपलं विज्ञान एकत्र असल्यामुळे केमिस्ट्रीचे वेगळे मार्क कुठे आहेत, असं शाळा विचारते. काही शाळा यूके एनिकचं (परदेशी शिक्षणाची इथल्याशी तुलना करणाऱ्या संस्थेचं) तुलनापत्र मागतात, काही स्वतःची चाचणी घेतात. जीसीएसईचे निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतात आणि त्यानंतर जागा हलतात, त्यामुळे जुलैत ‘जागा नाही’ म्हणाले तरी नाव प्रतीक्षायादीत ठेवा. घर भाड्याने घ्यायच्या आधी जवळच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये केमिस्ट्री-बायोलॉजी-मॅथ्स हा गट वेळापत्रकात बसतो का, तेही विचारा. मेडिकल स्कूल्सच्या पानांवर इंग्रजीची अटही वाचा. भारतातलं दहावीचं इंग्रजी सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी जीसीएसई इंग्लिश किंवा आयएल्ट्स लागतं.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात शाळेची अंतर्गत परीक्षा होते आणि शिक्षक बहुधा त्यावरूनच यूकॅसच्या अर्जात अपेक्षित ग्रेड लिहितात. मेडिसिनला साधारण ३ ए लागतात, त्यामुळे ही परीक्षा फार महत्त्वाची. त्याच जुलै ते सप्टेंबरमध्ये यूकॅट (मेडिसिनची प्रवेश चाचणी) द्यायची आणि यूकॅसचा अर्ज १५ ऑक्टोबरच्या आत करायचा. म्हणजे सप्टेंबरमध्ये बसलेल्या मुलीच्या हातात अर्जापर्यंत जेमतेम १३ महिने असतात. नोव्हेंबरपर्यंतच्या चाचण्यांत ती सतत डी-ई वर असेल तर विषय बदलायचा की शिकवणी लावायची हे तेव्हाच शिक्षकांशी बोलून ठरवा. नाताळनंतर नवीन विषयात घ्यायला शाळा सहसा तयार होत नाहीत.