शेजारच्या वर्गात जाऊन बस

तुझा परवाचा मेसेज मी दोनदा वाचला. नवीन शाळा, पहिली ते पाचवी मिळून दोनच शिक्षक, तुझ्याकडे पहिली-दुसरी-तिसरी आणि शेजारच्या खोलीतले सर अठरा वर्षं सिनिअर, त्यांना काही विचारायचं म्हटलं की त्यांना वाटेल हिला काही येतच नाही, म्हणून तू रात्री यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसतेस. बघ ना, व्हिडिओ चांगलेच असतात, पण त्या व्हिडिओतल्या माणसाला तुझी तिसरीतली मुलं माहीत नाहीत, सरांना माहीत आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या थोरल्या भावंडांना त्यांनीच शिकवलंय.

माझं सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी तिसरीला वजाबाकी शिकवत होते, 52 वजा 27, अर्धा वर्ग 35 लिहायचा. मी आठ दिवस फळ्यावर तेच तेच करून दाखवलं, आवाज चढवला, शेवटी शेजारच्या बाईंना म्हटलं जरा माझ्या वर्गात येऊन बसा. त्या मुलांच्या मागे सतरंजीवर बसल्या आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, अगं मुलं चुकत नाहीयेत, ती मोठ्यातून लहान वजा करतायत, दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन करतात. मी फळ्याजवळ उभी होते, मला फक्त उत्तरं दिसत होती, त्यांना वहीवर चाललेली बोटं दिसली. दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेतले आणि एक दशक सुटा करून मुलांच्याच हातात दिला. सगळ्यांना लगेच नाही जमलं, पण कुठे अडतंय ते मला कळलं होतं.

म्हणून सरांना "मला शिकवा" म्हणू नकोस, आणि त्यांचं काय चुकतं ते तर मुळीच नको. नेमकं काम सांग, सर, माझी चार मुलं जोडाक्षराला अडतात, अर्धा तास फक्त त्या चौघांकडे बघाल का? मग त्यांच्या वर्गाचं काय, असं तू विचारशील. दोन शिक्षकी शाळेत ही अडचण खरीच आहे. आम्ही परिपाठानंतर सगळ्यांना व्हरांड्यात एकत्र बसवायचो, एकजण शिकवायचा, दुसरा बघायचा. पुढच्या आठवड्यात उलट. मोठी मुलं छोट्यांना वाचून दाखवायची, त्यात तो अर्धा तास निघायचा. आणि नंतर बोलताना मुलांबद्दलच बोलायचं, शिक्षकाबद्दल नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, एकदा "तुम्ही असं का केलंत" सुरू झालं की पुढच्या वेळी कोणी दार उघडत नाही.

साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषद शाळांच्या गटाचं, नाव तू डीएडला ऐकलं असशीलच. तिथे मुलांना शिकण्यासाठी वर्गाच्या जमिनीवर रंगाने केलेल्या आखणीचे फोटो सगळीकडे फिरले, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, 22 जून 2015 ला राज्याच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा जीआरही (शासन निर्णय) आला. पुष्कळ शाळांनी फरशी रंगवली आणि तिथेच थांबल्या. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते वेगळंच, जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेतल्या शिक्षकांनी आपला वर्ग दुसऱ्यांना बघू दिला. रंग विकत मिळतो गं, दार मात्र आपणच उघडायचं असतं.

आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला असते, बऱ्याचदा सगळा वेळ माहिती भरण्यात आणि सूचनांत जातो, मला त्याचा आजही राग येतो कारण दहा-बारा शाळांचे शिक्षक एका खोलीत महिन्यातून एकदाच भेटतात. तू पुढच्या वेळी पिशवीत तीन वह्या टाकून ने. केंद्रप्रमुखांना आधी फोन करून वीस मिनिटं माग, नाहीच मिळाली तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतानाच वही पुढे कर आणि विचार, हे असं का लिहिलं असेल या पोराने? एखादी तरी ताई म्हणेलच, माझ्याकडेपण असंच एक आहे. तिचा नंबर घे. केंद्राच्या ग्रुपवर नको, तिथे वाढदिवस आणि परिपत्रकांत प्रश्न वाहून जातो, तिला थेट फोन कर.

सरांशी बोललीस की मला कळव. त्या चौघांच्या वह्यांचे फोटोही पाठव, मी बघते.