श्रद्धा कमी असेल तर ध्यान लागत नाही का?

रोज पहाटे ध्यानाला बसूनही मन भरकटत राहते, कसलाच अनुभव येत नाही, आणि ही अडचण सांगितली की तुमचे मार्गदर्शक ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ एवढेच म्हणून विषय संपवतात, असे तुम्ही लिहिले आहे. श्रद्धेशिवाय ध्यान होऊ शकते का, आणि नोकरी-संसार सांभाळून त्याला किती वेळ द्यावा, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. ‘श्रद्धा कमी पडते’ हे वाक्य मी स्वतःच्या घरात इतकी वर्षे ऐकत आलो आहे की त्याविषयी तटस्थपणे लिहिणे मला जमणार नाही, एवढे आधीच सांगून टाकतो.

मन भरकटते याचा श्रद्धेशी काहीही संबंध नाही. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत मी विपश्यना ही ध्यानपद्धती शिकलो, तेव्हा बोलायचे ते त्याच आधारावर. त्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांच्या दाराशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहायचा असतो. त्याला नामाची, मंत्राची किंवा मूर्तीची जोड द्यायची नसते. मन पळाले की पळाले हे जाणायचे, स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासावर यायचे, आणि हे दिवसभर करत राहायचे. मन पळणार हे त्यात गृहीतच धरलेले आहे. श्रद्धाळू माणसाचे मन पळत नाही असा दावा कोणी करत असेल, तर एकतर तो कधी तासभर बसलेला नाही किंवा बसल्यावर काय होते हे त्याने पाहिलेले नाही.

स्वतः गोयंका या मार्गावर आले ते श्रद्धा घेऊन नव्हे, शंका घेऊन. 1924 साली मंडालेत एका मारवाडी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांना अर्धशिशीने इतके ग्रासले की मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत, आणि अनेक देशांतले डॉक्टर करूनही गुण आला नाही. 1955 मध्ये ते ब्रह्मदेशातले विपश्यना-आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, मनाच्या शुद्धीसाठी येणार असाल तर या, असे त्यांना सांगण्यात आले. कट्टर सनातनी घरात वाढलेल्या गोयंकांना आपला धर्म सुटेल की काय अशी धास्ती होती. शील (सदाचार), समाधी (मनाची एकाग्रता) आणि प्रज्ञा (स्वतः अनुभवलेले ज्ञान) यांखेरीज इथे काही शिकवले जात नाही, असे गुरूंनी समजावल्यावर ‘करून तर पाहू’ एवढ्याच तयारीने ते बसले. पुढे चौदा वर्षे ते त्याच गुरूंजवळ शिकत राहिले. ही हकिकत माझ्या थोरल्या भावाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे, तरीही त्याने आयुष्यभर मला माझ्या श्रद्धेचे माप दाखवले.

शिबिराला मला दादानेच नेले, हे खरे आहे. तो माझ्या बराच आधीपासून बसत होता आणि सकाळ-संध्याकाळचा एकेक तास त्याने कधी चुकवला नाही. पण त्याच्या त्या तासाची किंमत घरातले सगळे मोजत होते. सकाळी तो बसला की रेडिओ बंद, मुलांचा पाठ मनातल्या मनात, आणि कुकरची शिट्टी होता कामा नये. वहिनी गॅसपाशी उभ्या राहत. शिट्टी उचलून फसफसू लागली की लगेच गॅस बंद करीत, वाफ जिरली की पुन्हा लावीत, आणि अशा हप्त्याहप्त्याने भात शिजवीत. दादाला हे ठाऊकच नव्हते, कारण तो डोळे मिटून बसलेला असे. उठल्यावर मात्र आज सर्वांगातून कसा धारा-प्रवाह, म्हणजे सूक्ष्म संवेदनांचा अखंड ओघ, वाहिला याचे वर्णन चहाबरोबर ऐकावे लागे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसले की ‘श्रद्धा ठेव, येईल’ हा शेरा ठरलेला असे.

बाबांचे खुब्याचे हाड मोडले त्या काळातली गोष्ट आहे. आधार दिल्याशिवाय त्यांना पलंगावरून उतरता येत नव्हते. एका संध्याकाळी वहिनी गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या, मी अजून कामावरून आलो नव्हतो आणि दादा शेजारच्या खोलीत अधिष्ठानाला, म्हणजे न हलण्याच्या निश्चयाच्या बैठकीला, बसला होता. बाबांनी त्याला हाक मारली. तीही हळू आवाजात, कारण दादाच्या बैठकीत आवाज करायचा नाही हे त्यांच्याही अंगवळणी पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली. दादा उठला नाही. वहिनी खाली आल्या तेव्हा चादर ओली झाली होती आणि बाबा त्यांची माफी मागत होते. रात्री जेवताना मी जाब विचारला, तर दादा शांतपणे म्हणाला, ‘हाक ऐकू आली होती. उठावेसे वाटले, छातीत धडधड झाली, ती मी पाहिली आणि समता ठेवली.’ वहिनी पान अर्धवट टाकून आत गेल्या. ते वाक्य मी अजून विसरलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

अधिष्ठान म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच: शिबिरात विपश्यना दिल्यानंतर दिवसातून तीन सामूहिक बैठकांमध्ये तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत, असा निश्चय करून बसायचे. हा निश्चय गुडघ्याच्या कळेशी आहे, बापाच्या हाकेशी नाही. शिबिरात स्वयंपाक, साफसफाई, घंटा वाजवणे हे सारे धम्मसेवक करतात म्हणून साधकाला बसण्याची मोकळीक मिळते. घरी ती मोकळीक कोणी गृहीत धरली, तर घरातल्या कोणाला तरी नकळत सेवक व्हावे लागते. समता म्हणजे दगडासारखे पडून राहणे नव्हे, हे गोयंका आपल्या प्रवचनांतून वारंवार सांगत. आधी मन स्थिर करायचे आणि मग जी कृती आवश्यक असेल ती करायची, प्रसंगी कठोरसुद्धा, एवढाच त्याचा अर्थ. आणि साधकाची प्रगती मोजायची ती कोणती संवेदना जागी झाली यावरून नव्हे, त्या संवेदनेकडे किती समतेने पाहिले यावरून, हाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे ज्या धारा-प्रवाहाचे दादाला एवढे अप्रूप होते, त्याची आसक्ती धरणे हीच त्या मार्गावरची चूक. तुम्हाला ‘अनुभव’ येत नाही म्हणता, तेव्हा पायाला मुंग्या येणे, पाठीत ठणकणे, कपाळावर घाम फुटणे हे तुम्ही अनुभवांत धरत नसाल, असा माझा अंदाज आहे. या मार्गावर तेच धरायचे असते. प्रकाश दिसावा, देहभान हरपावे, ही अपेक्षा दुसऱ्यांच्या चहाच्या वेळच्या गप्पांतून आलेली असते.

बाबांच्या त्या प्रसंगानंतर मी पुन्हा शिबिराला गेलो, आणि या वेळी एकटा गेलो. दुपारी बारा ते एक या वेळात सहायक आचार्यांना भेटता येते. शिबिरात आर्य मौन, म्हणजे कोणाशीही न बोलण्याचा नियम, असले तरी साधनेविषयी त्यांच्याशी बोलायला मुभा असते. माझी पाळी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो आणि तुमचाच प्रश्न विचारला. माझा भाऊ म्हणतो माझी श्रद्धा कमी आहे, तर काय करावे, असे म्हणून दादाची सगळी कथा सांगायला मी तोंड उघडले होते. त्यांनी हात किंचित वर केला. ‘ते इथे नाहीत, त्यांच्याविषयी नको,’ असे म्हणून त्यांनी विचारले, ‘अधिष्ठानात पाय दुखतो का?’ दुखतो म्हणालो. ‘मग काय करता?’ हलवत नाही म्हणालो. ‘चिडता का?’ मी हो म्हणालो. ‘कोणावर?’ मला खोटे बोलता आले नाही. ‘भावावर,’ मी म्हणालो. ते हसले नाहीत. ‘पाय तुमचा दुखतो आणि राग भावाचा येतो, एवढे आज दुपारी नीट पाहा,’ असे म्हणाले. मग माझ्या मूळ प्रश्नावर ते एवढेच बोलले, की सांगितलेली पद्धत सांगितल्याप्रमाणे, मध्ये दुसरे काही न मिसळता, दहा दिवस करून पाहण्याइतका विश्वास असेल तर सुरुवातीला तेवढा पुरतो. त्याहून अधिकची आमची मागणी नाही. भेट संपली. पुढच्या साधकाची पाळी होती.

त्यांनी दादाविषयी मला एक अक्षर बोलू दिले नाही. इथे मला अडवायला ते नाहीत, म्हणून बोलतो. श्रद्धेला विरोध नाहीच. बुद्धाने सांगितलेल्या पाच बळांत श्रद्धा पहिली आहे, पण पाचवी प्रज्ञा आहे, आणि त्या दोघींचा तोल राखायचा असतो असे जुने आचार्य सांगत आले आहेत. नुसती श्रद्धा वाढली तर माणूस आंधळा होतो. ऐकलेले ज्ञान, विचाराने पारखलेले ज्ञान आणि स्वतःच्या शरीरात पडताळलेले ज्ञान असे तीन टप्पे मानले जातात. त्यांतला तिसरा दुसऱ्याच्या श्रद्धेवर गाठता येत नाही आणि दुसऱ्याने तो आपल्यावर लादताही येत नाही. शिष्याला अडचण आली की खापर शिष्याच्या श्रद्धेवर फोडणे ही मार्गदर्शकाची सर्वांत सोपी पळवाट आहे, कारण ते खोडून काढायला शिष्याकडे काहीच साधन नसते.

आणि कुटुंबाविषयी म्हणाल, तर भारतात ही विद्या परतली तीच एका मुलाच्या आईवरच्या मायेपोटी. भारतात राहणारी आपली आई आजारी आहे आणि या साधनेने तिला आराम पडेल, या ओढीने गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून मुंबईत आले. जुलैमधल्या त्या पहिल्या शिबिरात अवघे चौदा जण होते आणि त्यांत त्यांचे आईवडील होते. इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र त्यानंतर, 1976 मध्ये उभे राहिले. हे मी दादाला ऐकवले तेव्हा ‘ते आचार्य होते, आपण साधक आहोत’ असे त्याचे उत्तर होते. आईबापाची हाक ऐकायला आचार्यपद लागते, हे मला नव्यानेच कळले.

आता वेळेविषयी. परंपरेचा नियम सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, शिवाय झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच मिनिटे असा आहे. हे संसारी माणसाला अशक्य नाही, हेही खरे, कारण ऊ बा खिन स्वतः गृहस्थ होते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल म्हणून एकाच वेळी अनेक सरकारी जबाबदाऱ्या पेलत असतानाच ते आपल्या कार्यालयातल्या माणसांना ध्यान शिकवत. तरीही लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल, तर संध्याकाळचा तास मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढाच घ्यावा, असे माझे मत आहे. परंपरेतले कोणी हे मान्य करणार नाही, याची मला जाणीव आहे. सकाळचा तास घरातले उठण्यापूर्वीचा घ्यावा. कोणी हाक मारली तर उठावे, काम करावे, आणि परत येऊन बसावे.

दादाच्या बाजूनेही थोडे सांगितले पाहिजे. त्याची तंबाखू या साधनेमुळे सुटली आणि मुलांवर हात उगारणेही थांबले. घरात याचे मोल मोठे होते. तेव्हा माझे हे सारे साधनेविरुद्ध नाही, ती घरात कशी मिरवली जाते याविरुद्ध आहे. तुमचे मार्गदर्शक नामस्मरणाच्या किंवा भक्तीच्या मार्गाचे असतील, तर तिथे श्रद्धेची जागा वेगळी आहे आणि माझे वरचे बरेचसे बोलणे तुम्हाला लागू पडणार नाही. तुमच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर ध्यानाच्या भरवशावर औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त दिवसांच्या शिबिराला जाऊ नका, आणि अर्जात ही माहिती लपवू नका; अशा आजारात दहा दिवसांचे मौन झेपेलच असे नाही.

तुमच्या मार्गदर्शकांकडे पुढच्या वेळी जाल, तेव्हा अनुभव का येत नाही हे विचारू नका. मन पळाल्याचे लक्षात आले त्या क्षणी नेमके काय करायचे, आणि पाय दुखू लागला की काय करायचे, एवढेच विचारा. पद्धत ज्याला ठाऊक आहे तो दोन वाक्यांत सांगेल. त्यांनी पुन्हा तुमच्या श्रद्धेचेच नाव घेतले, तर नम्रपणे नमस्कार करून दुसरा मार्गदर्शक पाहावा.