बाबाची गाडी वाजली की लेकरू दिवाणाखाली

ताई,

नागपूरच्या मानेवाड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. चार वर्षांच्या मुलाने मगाने कूलरमधलं पाणी उपसून खोलीभर केलं. मिस्टरांनी दोन ठेवून दिल्या. तो रडायला लागला, तर सासूबाईंनी हातात मोबाइल दिला. आता गल्लीत बाबाच्या गाडीचा आवाज आला की तो मोबाइल आजीच्या मांडीखाली सरकवतो आणि दिवाणाखाली शिरतो. काहीही विचारा, आधी ‘मी नाही केलं!’ बरोबर कोण, हे की सासूबाई, असं तुम्ही विचारलंय.

ते मोबाइल सरकवणं मी दोनदा वाचलं. घरचा नियम काय, हे त्या लेकराला कळलेलंच नाही. कोणाजवळ काय चालतं, एवढं मात्र पक्कं कळलंय. खोट्याने घाबरून जाऊ नका. ‘मला माहीत आहे ते आईला माहीत नाही’ हे मुलांना याच वयात उमगू लागतं, आणि बहुतेक जण खोटं बोलून पाहतात. पण खोट्याने मार चुकतो हे रोज दिसलं, तर त्याची सवय होते.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईवडील अभ्यासले. नुसत्या धाकातली मुलं बुजरी नि इतरांवर विश्वास न टाकणारी दिसली, मोकाट लाडातल्यांना स्वतःला आवरणं जड जात होतं. माया करणारे, कारण सांगणारे, पण नियमावरून न हटणारे आईबाप ज्यांना होते, ती मुलं सर्वांत स्वावलंबी निघाली. म्हणजे माया आणि शिस्त एकाच माणसाकडून मिळायला हवी. तुमच्या घरी मात्र वाटणी झाली आहे: बाबाकडे धाक, आजीकडे लाड. आणि ‘हे इतके रागावतात म्हणून मी काहीच बोलत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. तुम्ही बोलायलाच हवं.

कूलर आणि पाणी हा खरंच जिवाशी खेळ आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडे करंट लागल्याच्या बातम्या येतात. मिस्टर चिडले ते बहुधा धास्तीपोटी. पण मार खाऊन मुलाला करंट कळला नाही, बाबाची भीती तेवढी बसली. पुढच्या वेळी आधी प्लग काढा. मग त्याच्यासमोर खाली बसून सांगा, ‘यात करंट असतो, हात लावायचा नाही. चल, फडकं घे, दोघं मिळून पुसू.’ तो हातपाय आपटेल. जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा, पण फरशी पुसूनच उठा.

मूल झोपल्यावर मिस्टरांशी बोला. हात उगारायचा नाही, हे आधी ठरवा. मोबाइलची वेळ सासूबाईंना विचारूनच ठरवा, म्हणजे त्याही पाळतील. आणि रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, बापलेकांना दोघांनाच महाराजबागेत प्राणी-पक्षी पाहायला पाठवा. घरी आल्यावर काय काय पाहिलं ते त्याला सांगू द्या. मोराला बदक म्हणाला तरी बाबांनी मधे टोकायचं नाही.