लाईनच्या आधी हात वर करू नको

भावा, तुझी पहिली सायकल रेस आहे म्हणून सांगतो, चुका काय फक्त नवखेच करतात असं नाही. २०२० च्या लिएज-बास्तोन-लिएज या रेसला अलाफिलिप, तोही नुकताच वर्ल्ड चॅम्पियन झालेला, फिनिश लाईनच्या आधीच जिंकलो म्हणून हात वर करून मोकळा झाला आणि रोग्लिचने चाक पुढे टाकून रेस नेली, वर शेवटच्या स्प्रिंटमध्ये सरळ न जाता बाजूला सरकला म्हणून अलाफिलिपला पाचवा केला तो वेगळाच. २००४ ला मिलान-सान रेमो रेसमध्ये झाबेलचंही सेम.

पण माझ्या मते त्याहून मोठी चूक खाण्याची. २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये आल्प द्यूएझच्या चढावर फ्रूमची बॅटरीच उतरली, म्हणजे अंगातली ताकद संपली, टीममेटने नियमाबाहेर एनर्जी जेल आणून दिलं, २० सेकंदांची पेनल्टी बसली. त्याच्याकडे लीड होती म्हणून चाललं, तुझ्याकडे कुठेय? मरीन ड्राईव्हला पहाटे वारा असतो, त्यात घाम किती गेला कळतच नाही, म्हणून नुसतं पाणी ढोसू नको, इलेक्ट्रॉल घाल आणि भूक लागायच्या आधीच खजूर-चिक्की काहीतरी तोंडात टाक.

आणि हो, पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक घुसवू नको, पेडर रोडच्या चढावर लोक पेडलवर उभे राहिले की सायकल जराशी मागे येते, तिथेच आपटतात सगळे.