एमटीबीसाठी (माउंटन बाईकसाठी) स्वस्त आणि महागड्या गिअर शिफ्टरमध्ये खरंच एवढा फरक असतो का? टूर्नी काढून एक्सटी बसवू का?

तुमची सायकल २१ गिअरची, म्हणजे पुढे ३ आणि मागे ७. रविवारी नाशिकजवळच्या पांडवलेणी, अंजनेरीकडे नेता आणि चढावर गिअर उशिरा पडतो, कधी एकदम दोन पडतात, असं लिहिलंय. टूर्नी, अल्टस, डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर ही शिमानो कंपनीच्या गिअरच्या सामानाची स्वस्ताकडून महागाकडे जाणारी नावं. एक्सटीचा विचार आधी डोक्यातून काढा. तो तुमच्या सायकलवर चालणारच नाही.

शिफ्टर एका क्लिकला केबल ठरावीकच ओढतो आणि ते माप मागच्या डिरेलरशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाशी) न् कॅसेटशी (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाशी) जुळावं लागतं. ८ स्पीडमध्ये, म्हणजे मागे ८ चक्रं असली की, शेजारच्या दोन चक्रांमधलं अंतर ४.८ मिमी असतं, ९ स्पीडमध्ये साधारण ४.३५ मिमी. आत्ताचा एक्सटी १२ स्पीडचा, तिथे ते आणखी कमी. शिवाय शिमानोने २०१० च्या सुमारास एमटीबीसाठी १० स्पीड आणताना केबल ओढण्याचं प्रमाणच बदललं. त्यामुळे ९ पर्यंतचे डिरेलर एका जातकुळीचे, पुढचे निराळ्या. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा हिशोब तर तिसराच. आणि ७ स्पीडच्या स्वस्त सायकलला मागे बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, सरकवून बसवायची कॅसेट नसते. म्हणजे शिफ्टरपासून सुरू केलेला खर्च मागच्या चाकापर्यंत जाणार.

आता फरकाचं. फरक आहे, आणि तो अंगठ्याला कळतो. स्वस्त शिफ्टरचा लिव्हर लांब फिरवावा लागतो, क्लिक गुळमुळीत येतो, प्लॅस्टिकची बॉडी जराशी लवते. ग्रिप पिळून गिअर टाकायचा प्रकार असेल तर पावसात ओल्या हातमोज्यांनी तो नीट पिळला जात नाही आणि खडकाळ उतारावर नको तेव्हा फिरतो. एक्सटीत लिव्हर थोडाच हलतो आणि गिअर पडल्याचं हाताला स्पष्ट जाणवतं. गिअर सोडायचा लिव्हर बोटाने ओढा नाहीतर अंगठ्याने ढकला, दोन्ही चालतं, आणि एका दाबात दोन गिअर सुटतात. एसएलएक्सला एका वेळी एकच सुटतो. चढ संपून लगेच उतार लागला की ही सोय फार आवडते, पण तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. एक्सटीआरमध्ये तुम्ही वजन कमी करायचे पैसे देता, आणि चारचौघांत मिरवायचे.

माझ्या मते टूर्नी-अल्टसवरून डिओरवर गेलात तर पैसे वसूल होतात. डिओरवरून एक्सटीवर गेल्याने तेवढं हाती लागत नाही. खाचखळग्यांत चेन आपटत नाही, उडत नाही, याचं श्रेय लोक महागड्या शिफ्टरला देतात. ते काम खरं तर डिरेलरमधल्या क्लचचं, तो डिरेलरला सैल झुलू देत नाही.

पण तुमचं दुखणं शिफ्टरमध्ये असेल असं मला वाटत नाही. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला सायकल घातली की मागच्या डिरेलरपाशी केबलची जी कमान असते तिच्यात चिखलपाणी शिरतं, आणि उन्हाळ्यात त्याचीच भुकटी होते. घरीच बघा. मागचं चाक उचलून, पॅडल मारत चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर न्या. मग पॅडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टर शेवटच्या क्लिकपर्यंत सोडत जा. केबल ढिली पडेल. आऊटर, म्हणजे केबलवरची बाहेरची नळी, फ्रेमच्या खाचांतून निघत असेल तर काढा आणि आतल्या तारेवर बोटांनी मागेपुढे सरकवा. लोण्यासारखी सरकायला हवी. करकर लागली, मध्येच अडकली, तर चोर सापडला. तार आणि आऊटर दोन्ही बदला. खर्च दोघांच्या मिसळीच्या बिलाएवढा येईल. फक्त दुकानदाराला गिअरचीच आऊटर मागा, बहुतेक ४ मिमीची असते. ब्रेकची आऊटर गुंडाळलेल्या तारेची असते, दाबली जाते आणि मग एकही गिअर जागेवर पडत नाही. हाताला येईल ती आऊटर कापून लावणारे मेकॅनिक आहेत, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

तार बदलूनही जमलं नाही तर मागून डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो ती पट्टी, बघा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो आत वाकतो. ७-८ स्पीड थोडा वाकडेपणा खपवून घेतं, १२ स्पीड नाही. महागाचं हे एक दुखणं कुणी आधी सांगत नाही.

आणि शिफ्टरचा लिव्हर पोकळ जात असेल, म्हणजे दाबला तरी काही पकडतच नसेल, तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. बऱ्याच दिवसांनी बाहेर काढलेल्या सायकलींचं हे नेहमीचं. आत डिग्रीझर (ग्रीस विरघळवणारं द्रावण) मारा, पंधरा-वीस वेळा दाबत राहा, मग हलकं तेल सोडा. बरेच शिफ्टर एवढ्यावर उठून बसतात, स्वस्त असोत की महाग.

एवढं करूनही बदलायचाच असेल तर ७ स्पीडचाच, पण अंगठ्याने दाबायचा, ब्रेकपासून वेगळा शिफ्टर घ्या. तुमचा ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकाच तुकड्यात असेल तर ब्रेक लिव्हरही नवे घ्यावे लागतील, ते बजेटमध्ये धरा. डिओर हवाच असेल तर सुट्टे भाग जमवू नका, डिओर बसवलेली सायकलच बघा. सेकंडहँडही चालेल, फक्त घेण्याआधी चढावर चालवून सगळे गिअर टाकून बघा.