मुलीला माणसं जोडता येत नाहीत, हे कुणी ठरवलं?

नमस्कार.

तुमचं पत्र मी सावकाश वाचलं. मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत, पुढे उद्योगात किंवा सार्वजनिक कामात उतरावं असं तिच्या मनात आहे. तुमची चिंता वेगळीच आहे. ‘तिला माणसं जोडता येत नाहीत आणि ओळखीशिवाय आजकाल काही होत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही स्वतः खालच्या पदापासून सुरुवात करून ओळखींच्या बळावर वर आलात. म्हणून तिला १४० नावांची यादी करून दिलीत. त्यात तुमचे साहेब आहेत, जुने सहकारी आहेत, संस्थाचालक आहेत, काही पदाधिकारी आहेत. दर रविवारी तिनं त्यातल्या दहा जणांना मेसेज करायचा आणि रात्री तुम्हाला फोन दाखवायचा. तुमच्याबरोबर समारंभांना यायचं. अलीकडे रविवारी ती खोलीचं दार लावून बसते, जेवायलाही उशिरा येते. आणि तुम्ही विचारताय, हिला व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू, की सरळ एमबीएला घालू, म्हणजे नेटवर्क आपोआप मिळेल?

आधी अभ्यासक्रमाचं संपवते. एमबीएची प्रवेश परीक्षा, सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षा हे तिन्ही रस्ते तिच्यासाठी खुले आहेत आणि त्यांची माहिती तिला माझ्याइतकीच सहज मिळेल. निव्वळ नेटवर्क मिळावं म्हणून दोन वर्षं आणि एवढी फी घालवू नका. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासची गरज मला दिसत नाही.

मला काळजी वाटते ती रविवारची. वीस वर्षांच्या मुलीनं वडिलांना फोन दाखवायचा, आणि कुणाचं उत्तर आलं, कुणाचं नाही, याचा हिशेब द्यायचा! यातून ती एकच गोष्ट शिकतेय, की माणूस म्हणजे यादीतली एक खूण. तुम्हाला जे शिकवायचं होतं त्याच्या हे अगदी उलटं आहे. शिवाय ज्यांना ते मेसेज जातात त्यांच्या बाजूनंही बघा. ‘नमस्कार सर, आपण कसे आहात? मी अमुक यांची मुलगी,’ एवढंच वाचून समोरचा माणूस तुमचं नाव ओळखतो आणि तुमच्या भिडेखातर एक हात जोडल्याची खूण पाठवून देतो. मुलगी त्याच्या लक्षात राहतच नाही. असे शंभर मेसेज गेले तरी ओळख तुमचीच राहील. तिची होणार नाही.

समारंभातला जो प्रसंग तुम्ही लिहिलात, तो वाचून मला खरंच वाईट वाटलं. एका मोठ्या उद्योजकासमोर तुम्ही तिला पुढे केलंत आणि म्हणालात, ‘हिला जरा मार्गदर्शन करा.’ ती दोन वाक्यं बोलून बाजूला झाली. घरी आल्यावर तुम्ही तिला म्हणालात, की तू माझी लाज घालवलीस. अहो, तिनं बोलायचं तरी काय होतं? तिच्याकडे त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता, त्यांच्याकडे तिच्याविषयी काही माहिती नव्हती, आणि शेजारी तुम्ही निकालाची वाट बघत उभे. अशा वेळी ‘मार्गदर्शन करा’ हे कुणाही भल्या माणसाला अवघडवणारं वाक्य आहे. दोन वाक्यांत ती निघाली यात मला तिचा समजूतदारपणा दिसतो.

आणि आता तुमच्या पत्रातल्या त्या मजकुराकडे येते, जो तुम्ही तक्रार म्हणून लिहिलाय. ‘अभ्यास सोडून अंध विद्यार्थ्यांना लेखनिक शोधून देण्याची फुकटची धावपळ करते. परवा परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी लेखनिक आजारी पडली, तर ही तासभर फोनवर. शेवटी कुठल्याशा ग्रंथालयातल्या बाईंनी सुचवलेली कुणीतरी मिळाली.’

हे तुम्ही इतक्या सहज लिहून गेलात, म्हणून मी इथे थांबते. आदल्या रात्री लेखनिक बदलायचा म्हणजे काय काय लागतं, याचा विचार करा. प्रश्न स्पष्ट वाचून दाखवेल, सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवेल, स्वतःची भर घालणार नाही असा माणूस हवा. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-चार तास मोकळे हवेत. त्याच्याकडे ओळखपत्र हवं. परीक्षा केंद्राला बदल कळवून परवानगी घ्यायला हवी. आणि या सगळ्यात ज्या विद्यार्थ्याची परीक्षा आहे त्याला धीर द्यायला हवा. तुमच्या मुलीनं हे एका तासात जमवलं. त्या ग्रंथपाल बाईंना ती जेमतेम ओळखते, तरी रात्री फोन करण्याइतका विश्वास तिनं कमावला होता. त्या बाईंनी सुचवलेली अनोळखी मुलगी दुसऱ्या दिवशी केंद्रावर हजर झाली. माणसं जोडणं यापेक्षा वेगळं काय असतं? उद्योगात पुरवठादार ऐन वेळी माघार घेतो, सार्वजनिक कामात कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी परवानगी अडकते, तेव्हा जो माणूस उपयोगी पडतो तो नेमकं हेच करत असतो.

एक गैरसमज तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला वाटतं, मोठ्या पदावरच्या माणसांशी जितकी घट्ट ओळख, तितकी पुढची वाट सोपी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्या व्यक्तीकडून या जागेची बातमी कळली, ती तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होती? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांनी ‘नेहमी’ असं सांगितलं. सुमारे ५६ टक्क्यांना बातमी देणारी व्यक्ती अधूनमधून भेटणारी होती, आणि २८ टक्क्यांना वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी. हा निबंध १९७३चा. कारण साधं आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, कारण सगळे एकाच वर्तुळात फिरत असतात. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या, आपल्याला थोडंफार ओळखणाऱ्या माणसाकडून. पुढे २०२२मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही नोकरी बदलायला घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखी जास्त उपयोगी पडल्या, त्यातही अगदीच पुसट नव्हेत, तर मध्यम सैल ओळखी. आता तुमच्या यादीकडे बघा. १४० नावं आहेत, पण ती जवळजवळ सगळी एकमेकांना ओळखतात आणि सगळ्यांना जोडणारा धागा तुम्ही आहात. म्हणजे वर्तुळ एकच. तुमच्या मुलीचे लेखनिक, ग्रंथपाल, केंद्रप्रमुख, प्राध्यापक, विद्यार्थ्यांचे पालक हे सगळे वेगवेगळ्या वर्तुळांतले आहेत. ते एकमेकांना ओळखत नाहीत, तिला ओळखतात. अशा जागी उभा असलेला माणूस उद्योगालाही हवा असतो आणि सार्वजनिक कामालाही.

तुम्ही असंही लिहिलंय, की ‘लोक तिचा वापर करून घेतात.’ ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा घेतली होती. दोन खेळाडूंनी पुन्हा पुन्हा समोरासमोर यायचं आणि दर वेळी ठरवायचं, साथ द्यायची की दगा. तज्ज्ञांनी एकाहून एक गुंतागुंतीच्या युक्त्या पाठवल्या. जिंकली ती सगळ्यात छोटी, अनातोल रॅपोपोर्ट यांची. सुरुवात साथ देऊन करायची, आणि पुढे समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं तेच करायचं. म्हणजे दगा झाला तर लगेच उत्तर द्यायचं, तो वळणावर आला की मागचं धरून बसायचं नाही. नंतर साठाहून जास्त प्रवेशिका आल्या, तेव्हाही हीच जिंकली. तुमच्या मुलीला यातला पहिला भाग येतो, ती साथ देते. दुसरा तिला शिकावा लागेल. जो वारंवार आयत्या वेळी कामं टाकतो त्याला ‘या वेळी जमणार नाही’ असं सांगणं तिला जमायला हवं. ते क्लासमध्ये येत नाही. घरी ‘आज फोन दाखवणार नाही’ असं म्हटल्यावर वडील कसे वागतात, यातून ते येतं. हे मी कडक लिहितेय, पण ते तुम्ही गंभीरपणे घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या ओळखी वाया घालवा असं मी म्हणत नाही. त्या वापरण्याची रीत बदला. १४० नावांतून तिनं, तुम्ही नव्हे, चार-पाच नावं निवडावीत, ज्यांच्या कामाविषयी तिला काहीतरी नेमकं जाणून घ्यायचंय. मग तुम्ही त्या माणसाला आधी विचारा, की माझी मुलगी असं असं काम करते, तिला तुमच्याकडून अमुक एक गोष्ट समजून घ्यायची आहे, तुम्हाला अर्धा तास चालेल का? होकार आला तरच दोघांची गाठ घालून द्या आणि तिथून बाजूला व्हा. भेट कशी झाली हे तिला विचारू नका, आणि त्या माणसाला तर मुळीच नको. कुणाकडे तिच्या नोकरीसाठी शब्दही टाकू नका. त्या शब्दाचं ओझं तिला पहिल्या दिवसापासून वाहावं लागेल आणि तिथलं तिचं चांगलं कामही तुमच्या नावावर जमा होईल.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तुझ्या कामाचं मला कौतुक आहे, पण त्यात एक मोठी उणीव आहे. वडिलांच्या पत्रावरून दिसतं, की सगळ्या लेखनिकांचे नंबर, कोण कुठल्या वेळी मोकळं असतं, कुणाला कुठला विषय जमत नाही, हे सारं तुझ्या एकटीच्या फोनमध्ये आणि डोक्यात आहे. तू आजारी पडलीस तर काय? ही माहिती नीट मांडून ठेव आणि आणखी दोघांच्या हाती दे. त्या दोघांना स्वतंत्रपणे निर्णय घेऊ दे, तुझ्यापेक्षा वेगळे घेतले तरी. सगळ्यांना मदत करणं तुला येतं, पण काम वाटून घेणं अजून येत नाही, आणि पुढे ज्या क्षेत्रात जाशील तिथे याचाच कस लागेल. दुसरं, ज्यांनी मदत केली त्यांना नंतर काय झालं ते कळवत जा. त्या ग्रंथपाल बाईंना पेपर नीट पार पडल्याचं सांगितलंस का? नसेल सांगितलं तर आज सांग. बहुतेक लोक मदत घेताना आठवणीनं फोन करतात आणि काम झाल्यावर विसरतात.

आणि अनोळखी माणसाला कसं लिहायचं याची धास्ती असेल, तर श्रीनिवास रामानुजन यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. जानेवारी १९१३मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनानं केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. दोघांची ओळख नव्हती. पत्रात स्वतःची माहिती थोडक्यात होती, बाकी पानं गणिती निष्कर्षांनी भरलेली, शंभरावर. त्याआधी त्यांनी ज्या इतर गणितज्ञांना लिहिलं होतं त्यांच्याकडून काही हाती लागलं नव्हतं. हार्डींनी ते निष्कर्ष आपले सहकारी लिटलवुड यांच्याबरोबर बसून तपासले, आणि पुढच्याच वर्षी रामानुजन केंब्रिजला गेले. त्यांची प्रतिभा तुझ्या-माझ्याकडे नाही, पण पत्राची रीत आपण घेऊ शकतो. मी कोण, हे दोन ओळींत. मी काय केलंय, ते समोर ठेवायचं. आणि एकच प्रश्न, ज्याचं उत्तर त्याच माणसाकडे आहे. उत्तर आलं नाही तर काही दिवसांनी एकदा आठवण करायची आणि मग सोडून द्यायचं. त्याच रामानुजन यांना मद्रासमध्ये त्यांची वही वाचणाऱ्या, गणित कळणाऱ्या माणसांनी आधी हात दिला होता, हेही विसरू नकोस. आसपासच्या ज्या माणसांना तुझं काम कळतं त्यांना आधी दाखव. लांबचं पत्र नंतर.

पदवीनंतर लगेच पुढच्या प्रवेशाची घाई करू नकोस असं माझं मत आहे. वर्षभर एखाद्या संस्थेत किंवा छोट्या कंपनीत समन्वयाचं काम कर, जिथे वेगवेगळ्या लोकांकडून एकच काम वेळेत पूर्ण करून घ्यावं लागतं. त्या वर्षात उद्योग की धोरण हे तुझं तुलाच कळेल, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी खरं तुझ्याकडे असेल.

आता पुन्हा तुमच्याशी. पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नये. लेखनिकांचं काम आणखी कुणाच्या हाती दिलं, कोणती चार-पाच नावं निवडली आणि का, आणि वर्षभराच्या कामासाठी कुठे कुठे अर्ज केले, एवढं त्यात असू दे. आणि येत्या रविवारपासून फोन तपासणं बंद.