रे ट्रेसिंगमध्ये एआय नक्की काय करतं? गेममधला उजेड खरा का खोटा?

भावा तू विचारलंयस की गेममध्ये रे ट्रेसिंग (उजेडाचे किरण हिशोबात घेऊन चित्र काढणं) चालू केलं की एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात ते) पडतो, डीएलएसएस (एनव्हिडिया कंपनीचं, कमी पिक्सेलचं चित्र एआयनं मोठं करणारं तंत्र) लावलं की परत वाढतो, मग तो उजेड खरा असतो का एआय मनानंच रंगवतंय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत इंटेरिअरचे थ्रीडी रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली खऱ्यासारखी चित्रं) करतो, गेम बनवत नाही, पण उजेडाचं गणित दोन्हीकडं तेच आहे आणि रोज त्याच्याशीच गाठ पडते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठव. देऊळ पश्चिमेला तोंड करून, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायापर्यंत, मग कमरेच्या वर, मग चेहऱ्यावर, आणि वाटेत एखादी इमारत आडवी आली किंवा हवेत धूळ-बाष्प असलं की पोचत नाहीत. हे सरळ किरण कॉम्प्युटरला सोपे, मधे काय आडवं येतंय का एवढंच बघायचं. पण किरण नुसते पायावर असले तरी आजूबाजूचा दगड थोडा उजळतोच की, तो फरशीवरनं, उंबऱ्यावरनं, भिंतीवरनं उडून आलेला उजेड, आणि खरा खर्च त्याचा आहे. 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी याचं समीकरण मांडलं, एका जागेवरचा उजेड काढायला तिला दिसणाऱ्या सगळ्या जागांचा उजेड लागतो आणि त्या प्रत्येक जागेला परत बाकीच्या सगळ्यांचा. हे पूर्ण सोडवता येत नाही म्हणून कॅमेऱ्यातनं उलटे रे (किरण) सोडायचे, आदळले की रँडम दिशेला उडवायचे आणि सरासरी काढायची.

गोची अशी की नॉईज (चित्रातले दाणे) निम्मा करायला रे चौपट लागतात, दहापट कमी करायचा तर शंभरपट. फोरके स्क्रीनवर 83 लाख पिक्सेल, 60 एफपीएसला एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद, म्हणजे पिक्सेलमागं एकच रे सोडला तरी सेकंदाला जवळजवळ 50 कोटी होतात आणि ते उडणार ते वेगळंच. सिनेमावाले एका फ्रेमला तासन् तास देतात, गेमला ते कुठनं जमणार. त्यामुळं गेममध्ये पिक्सेलमागं एखाद-दोनच रे मिळतात आणि कच्चं चित्र बघितलंस तर पांढऱ्या फरशीवर काळी रांगोळी सांडल्यागत दिसतं.

इथं मशीन लर्निंग येतं. एकच दृश्य दोनदा काढायचं, एकदा दाणेदार आणि एकदा हजारो रे सोडून स्वच्छ, अशा ढीगभर जोड्या न्यूरल नेटवर्कला (उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला) दाखवायच्या की यातनं ते बनव. हे शिकवणं कंपनीच्या मोठ्या मशीनवर आधीच झालेलं असतं, तुझं ग्राफिक्स कार्ड फक्त शिकलेलं वापरतं आणि एनव्हिडियाच्या 2018 च्या आरटीएक्स 20 सिरीजच्या कार्डांपासून त्यासाठी टेन्सर कोअर (असलं गणित झटपट करणारे भाग) वेगळे दिलेत. महत्त्वाचं म्हणजे नेटवर्कला नुसतं दाणेदार चित्र देत नाहीत, सोबत प्रत्येक पिक्सेलचा मूळ रंग, पृष्ठभाग कुठल्या दिशेला आहे, किती लांब आहे, मागच्या फ्रेममध्ये कुठं होता हे सगळं देतात आणि ही माहिती बरीचशी स्वच्छच असते, त्यामुळं भिंतीची कड कुठं संपते ते त्याला ओळखत बसावं लागत नाही.

आधी हे काम हातानं लिहिलेले फिल्टर करायचे, सावलीला एक, रिफ्लेक्शनला एक, आणि मग त्यांनी पुसट केलेलं चित्र अपस्केलरकडं (चित्र मोठं करणाऱ्या प्रोग्रॅमकडं) जायचं, तोवर बारकावे गेलेले. 2023 मध्ये डीएलएसएस 3.5 बरोबर रे रिकन्स्ट्रक्शन आलं, त्यात नॉईज काढणं आणि चित्र मोठं करणं एकाच नेटवर्कला दिलं, मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरा प्रकार मला त्याहून आवडतो, न्यूरल रेडियन्स कॅशिंग, 2021 चा एनव्हिडियाच्या लोकांचा पेपर आहे. त्यात छोटं नेटवर्क गेम चालू असतानाच शिकतं, थोडेच रे लांबपर्यंत जाऊ देतात आणि त्यांच्यावरनं ते शिकतं, बाकीचे एक-दोनदा उडाले की थांबवून नेटवर्कला विचारायचं की इथनं पुढं साधारण किती उजेड असेल. दार उघडलं, दिवा हलला तरी ते लगेच नव्यानं शिकत राहतं.

आता एआय मनानं रंगवतं म्हणतात त्या खोट्या पिक्सेलचं. डीएलएसएसच्या परफॉर्मन्स मोडला फोरकेचे पावच पिक्सेल त्या फ्रेमला काढले जातात हे खरं, पण बाकीचे हवेतनं येत नाहीत, कॅमेरा दर फ्रेमला पिक्सेलपेक्षा कमी असा किंचित हलवतात आणि मागच्या फ्रेमचे खरे नमुने गोळा करतात. म्हणून तर नुकतंच आडोशातनं बाहेर आलेलं काहीही क्षणभर पुसट दिसतं, त्याचा मागचा नमुनाच नसतो. फ्रेम जनरेशन मात्र वेगळं, ते दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवतं, उजेडाचं काम त्यानं हलकं होत नाही आणि कंट्रोलरला रिस्पॉन्सही वाढत नाही, त्यामुळं मी ते यात धरत नाही.

अंदाज चुकतो ते मी स्वतः बघितलंय. एका फ्लॅटच्या देवघराचं रेंडर होतं, मागं लाकडी जाळी आणि त्यातनं येणारा उजेड, रात्रभर रेंडर लावायला वेळ नव्हता म्हणून सॅम्पल (पिक्सेलमागचे रे) फारच कमी ठेवले आणि बाकी डीनॉइझरवर (दाणे काढणाऱ्या नेटवर्कवर) सोडलं. भिंती झकास आल्या, पण जाळीची भिंतीवर पडणारी बारीक नक्षी सपाट झाली आणि समईवरची चमक पिवळा डाग होऊन बसली, फ्लॅटवाल्या काकूंनी पहिल्या नजरेत विचारलं की जाळी काढली का हो. रे जिथं पोचलेच नाहीत तिथं नेटवर्क गुळगुळीत काहीतरी भरतं. म्हणून माझं मत असं की उजेड खराच असतो, फक्त थोडा मोजलेला आणि बराच भरून काढलेला, आणि मोजलेला किती यावर सगळं अवलंबून.

स्वतः बघायचं तर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या सायकल्स या रेंडररमध्ये एक खोली कर, एकच खिडकी ठेव, 1, 4, 16, 64 सॅम्पलला रेंडर काढ, मग तेच त्यातला ओपन इमेज डीनॉइझ हा डीनॉइझर लावून. झालं की खिडकीला जाळी बसव आणि चारही परत काढून शेजारी शेजारी ठेव.